मे महिन्याच्या दुपारी टिकेल तोच वेग

चेन्नईच्या उत्तर टोकाला एन्नोर आहे. एका अंगाला बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगाला कोसस्थलैयार नदीची खाडी आणि आसपास कोळशावर चालणारी वीजकेंद्रे, कामराजर बंदरातले कोळशाचे धक्के, थोड्या अंतरावर मणलीचा तेलशुद्धीकरण कारखाना. इथल्या हवेत मीठ आहे, राख आहे, गंधक आहे. मे महिन्यात पारा चाळिशीला भिडतो आणि समुद्रकाठ असल्यामुळे अंगावरचा घामही वाळत नाही. मे २००३ मध्ये तर चेन्नईत ४५ अंशांची नोंद झाली होती. अशा गावातल्या घरात डेस्कटॉप जुळवायचे ठरते, तेव्हा गुम्मिडिपूंडीकडून येणारी लोकल पकडून चेन्नई सेंट्रल गाठायचे आणि तिथून रिची स्ट्रीट. मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, तशी चेन्नईकरांना रिची स्ट्रीट. प्रोसेसर ठरतो, मदरबोर्ड ठरतो आणि मग काउंटरवर रॅमच्या पाकिटांची रांग लागते: ५२००, ५६००, ६०००, ६४००, ७२००. आकडा जितका मोठा तितकी किंमत चढी, आणि घेणाऱ्याच्या मनात एकच शंका, की थोडे पैसे वाचवायला जाऊन आपण मशीन कायमचे मंद तर करून घेत नाही ना. माझे म्हणणे असे, की एन्नोरमध्ये आणि एन्नोरसारख्याच आपल्या चंद्रपूर, रत्नागिरी, उरणमध्ये हा प्रश्न उलट्या टोकाने सोडवायला हवा. आधी क्षमता, मग जोडी, आणि सर्वांत शेवटी वेग. तोही असा, जो घरातल्या सर्वांत तापलेल्या दुपारी, कॅबिनेटचे झाकण लावलेले असताना एकही चूक न करता चालेल. पाकिटावरचा आकडा वातानुकूलित खोलीतल्या चाचणीचा असतो; मशीन मात्र आपल्या खोलीत राहणार असते.

हा आकडा नेमके काय सांगतो, इथून सुरुवात करू. डीडीआर५-६००० या नावातले ६००० म्हणजे सेकंदाला ६०० कोटी वेळा होणारी देवाणघेवाण. दुकानात त्याला सर्रास ६००० मेगाहर्ट्झ म्हणतात, पण घड्याळाचा खरा ठोका ३००० मेगाहर्ट्झच असतो. प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती सरकते म्हणून आकडा दुप्पट. एका स्टिकची वाट आठ बाइट रुंद, म्हणून सेकंदाला ४८ जीबी आणि दोन स्टिक असतील तर ९६. हा झाला माहितीचा लोंढा. प्रोसेसरला मात्र बहुतेक वेळा लोंढा नको असतो. एक छोटी वस्तू हवी असते आणि ती किती लवकर हाती पडते, यावर सगळे अवलंबून असते. ते सांगणारा आकडा पाकिटावर बारीक अक्षरात असतो: सीएल. हिशोब सोपा आहे. सीएलला २००० ने गुणायचे आणि वेगाच्या आकड्याने भागायचे, म्हणजे नॅनोसेकंद निघतात. दहा-बारा वर्षांपूर्वीची साधी डीडीआर३-१६००, सीएल११ घ्या: १३.७५ नॅनोसेकंद. त्यानंतरची साधी डीडीआर४-३२००, सीएल२२: पुन्हा १३.७५. आजची साधी डीडीआर५-५६००, सीएल४६: साधारण १६.४. नावातला आकडा साडेतीन पट झाला, आणि पहिला घास तोंडात पडायला लागणारा वेळ कमी व्हायच्या ऐवजी किंचित वाढला.

यात कुणाची लबाडी नाही. मेमरीची घडणच तशी आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीच रचना आजही प्रत्येक स्टिकमध्ये आहे. प्रत्येक बिटसाठी एक सूक्ष्म कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर. कपॅसिटर म्हणजे विद्युतभाराचे इवलेसे भांडे. ते भरलेले आहे की रिकामे, हे ओळखण्यासाठी त्यातला जेमतेम भार एका लांब तारेवर सोडावा लागतो आणि तारेवरचा नगण्य फरक मोठा करून वाचावा लागतो. चिपच्या बाहेरची वाट रुंद करता येते, गाड्या जास्त सोडता येतात, पण भांडे ओळखण्याचे काम तेवढ्या पटीने घाईने उरकता येत नाही. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पॅटर्सन यांनी २००४ मध्ये अनेक पिढ्यांची यंत्रे तपासून हेच मांडले होते: लोंढा भराभर वाढतो, वाट पाहण्याचा वेळ मात्र मागे रेंगाळतो. त्यात हा सीएलचा वेळ म्हणजे एकूण प्रवासाचा एक तुकडा. प्रोसेसरने मागणी केल्यापासून मेमरीतून माहिती हाती येईपर्यंत साध्या डेस्कटॉपवर ७० ते ९० नॅनोसेकंद जातात. सीएल३६ ऐवजी सीएल३० ची ६००० घेतली तर त्यातले दोन नॅनोसेकंद वाचतात. शिवाय प्रोसेसर बहुतेक मागण्या आपल्या पोटातल्या कॅशमधूनच भागवतो, मेमरीपर्यंत यायची वेळच क्वचित येते. म्हणून ब्राउझर, वर्ड, कोडिंग, अभ्यासाचे व्हिडिओ, टॅली या रोजच्या कामांत ५२०० आणि ६४०० यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. वेगळे ग्राफिक कार्ड असलेल्या मशीनवर गेम खेळतानाही तो सहसा शेकडा एक आकडीच राहतो.

आता याच्या शेजारी दुसरा हिशोब ठेवा. मेमरी भरली, की विंडोज तिच्यातली काही पाने उचलून एसएसडीवर टाकते आणि लागली की परत आणते. मेमरीला १०० नॅनोसेकंद धरले तर एसएसडीला ढोबळमानाने १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे हजार पट. मेमरीचे काम एका सेकंदात होते असे मानले, तर एसएसडीच्या दारात सतरा मिनिटे ताटकळावे लागेल. जुनी हार्ड डिस्क असेल, तर एक दिवस उलटून जाईल. ८ जीबीच्या मशीनवर विंडोज ११, वीस टॅब, एक व्हिडिओ कॉल आणि पीडीएफ उघडले की मशीन अडखळते, ते याच रांगेमुळे. तिथे स्टिकचा वेग ५२०० आहे की ७२०० याने काहीच बिघडत किंवा सुधारत नाही. एकाच रकमेत १६ जीबीची झगमगती ७२०० आणि ३२ जीबीची साधी ५६०० मिळत असेल, तर दुसरी घ्यावी, हे मी निःशंकपणे सांगेन. पहिल्या पर्यायाने शेकडा दोन-चार वाचतील. दुसऱ्याने हजार पटीची अडगळ दारातून हटेल.

जोडीचेही तसेच. बाजारात तयार मशीन आणि स्वस्तात जुळवलेले डेस्कटॉप पुष्कळदा एकाच स्टिकवर विकले जातात. ‘पुढे दुसरी टाकता येईल’ हे त्यामागचे आश्वासन. डीडीआर५-६००० ची एकच स्टिक ४८ जीबीचा लोंढा देते. सर्वांत साध्या ४८०० च्या दोन स्टिक ७६.८ देतात. म्हणजे पाकिटावरचा आकडा बाराशेंनी कमी असूनही हातात दीडपटीहून जास्त पडते. दोन स्टिक असल्या, तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. शेजारीशेजारी बसवल्या तर जोडीचा फायदाच मिळत नाही. आणि ‘पुढे’ चार स्टिक करू म्हणणाऱ्यांनी एएमडीचा स्वतःचा तक्ता पाहावा. रायझन ७००० मालिकेला दोन स्टिकवर ५२०० चा वेग अधिकृत आहे. चारही खाचा भरल्या की तो ३६०० वर येतो. त्यामुळे आजच दोन मोठ्या स्टिक घ्याव्यात आणि उरलेल्या दोन खाचा रिकाम्या राहू द्याव्यात.

इथवरचा हिशोब पुण्याच्या थंड खोलीतही तितकाच खरा आहे. एन्नोरचा प्रश्न यापुढचा. पाकिटावर ६००० छापलेले असले, तरी ती स्टिक लावून मशीन सुरू केले की ती ४८०० किंवा ५६०० अशा मूळ वेगानेच चालते. छापलेला वेग मिळवायचा तर बायोसमध्ये शिरून इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी किंवा एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो चालू करावे लागते. तसे केले की स्टिकचे व्होल्टेज १.१ वरून साधारण १.३५ वर जाते. हा ओव्हरक्लॉकच आहे, फक्त एका बटणावर आणलेला. अमेरिकेत कॉर्सेर आणि जी.स्किल या दोन्ही नामांकित कंपन्यांवर ग्राहकांनी सामूहिक दावे लावले, ते याच मुद्द्यावर: छापलेला वेग आपोआप मिळत नाही, हे स्पष्ट सांगितले गेले नाही. कंपन्यांनी आरोप नाकारले आणि तडजोड केली. आपल्याकडे असंख्य मशीन अशी आहेत, ज्यांच्या मालकांनी जास्त वेगाचे पैसे मोजले आणि तो वेग एकदाही चालू केला नाही. काहींनी चालू केला, पण बोर्डावरचा रुपयाएवढा गोल सेल चार-पाच वर्षांत उतरला, वीज गेली, बायोसची मांडणी पुसली गेली आणि मशीन गुपचूप मूळ वेगावर आले. फरक जाणवला नाही म्हणूनच कुणाच्या ध्यानात आले नाही. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारली, की चालू वेग दिसतो. हा लेख वाचणाऱ्याने आपल्या मशीनवर एवढे जरूर करून पाहावे.

आता उष्णता. भार साठवणारे भांडे गळते, आणि तापले की जास्त गळते. म्हणून मेमरी स्वतःला सतत वाचून पुन्हा भरत राहते; डीडीआर५ मध्ये प्रत्येक भांडे ३२ मिलिसेकंदांत एकदा तरी भरले जाते. चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले, तर हे भरणे दुप्पट वेळा करावे, असे डीडीआर५ चे मानकच सांगते. घरातली मेमरी ८५ पर्यंत सहसा जात नाही, हे खरे. पण खोलीत ३९, बंद कॅबिनेटमध्ये ५० आणि शेजारी तापलेले ग्राफिक कार्ड असले, की स्टिक साठीच्या पुढे सहज जाते. त्यात व्होल्टेज वाढवलेले. खपणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, १.१ चे १.३५ केले की केवळ त्यामुळे ती दीडपट होते आणि वेग वाढल्याचा वाटा त्याहून निराळा. दुसरीकडे काटेकोरपणा वाढलेला असतो. ६००० च्या वेगात एका बिटच्या वाट्याला सेकंदाच्या लाखकोटीव्या भागाच्या १६७ पट इतकाच वेळ येतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम पाच सेंटिमीटर जातो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या तारेत सिग्नल त्याच्या निम्मेच अंतर कापतो. एवढ्या अवधीत सिग्नल उंच आहे की खाली, हे ठरवायचे असते. तापमानामुळे, व्होल्टेज हलल्यामुळे किंवा सांध्यातल्या अडथळ्यामुळे तो थोडा जरी सरकला, तर ५२०० ला जी चूक झाली नसती, ती ७२०० ला होते. हिवाळ्यात रात्रभर चाचणी पार केलेली जोडी उन्हाळ्यात चुका दाखवू लागते, हा वेग वाढवणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. टोरंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर यांनी गुगलमधल्या दोन संशोधकांबरोबर २००९ मध्ये गुगलच्या हजारो सर्व्हरमधील मेमरीच्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये चुका आढळल्या, हा त्यातला धक्कादायक भाग. दुसरा निष्कर्ष माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा: मेमरी किती वापरली जाते हे विचारात घेतले, तर तापमानाचा परिणाम आश्चर्य वाटावा इतका कमी निघाला. मग एन्नोरच्या उन्हाची एवढी धास्ती कशाला? उत्तर त्या अभ्यासाच्याच पायात आहे. ते सर्व्हर हवा नियंत्रित केलेल्या दालनात होते, आणि सर्व्हरची मेमरी मानकाने ठरवलेल्या वेगावर, मानकाच्या व्होल्टेजवर चालते. म्हणजे कारखान्याने जी सुरक्षित कड राखून ठेवलेली असते, ती तिथे शाबूत होती आणि तापमानातला फरक त्या कडेच्या आत जिरून गेला. एक्सएमपी किंवा एक्स्पो नेमकी तीच कड खर्च करून वेग देतात. तेव्हा हा अभ्यास वाचून मला उलट खात्री पटते, की मूळ वेगावर चालणारी मेमरी उन्हाला भीक घालत नाही. एन्नोरमधल्या माणसाला नेमकी हीच बातमी हवी आहे.

उष्णतेपेक्षा एन्नोरची हवा मला जास्त चिंतेची वाटते. ‘मशीन चालू होत नाही, बीप येतोय’ अशी तक्रार घेऊन कुणी दुरुस्तीच्या दुकानात गेले, की मेकॅनिक पहिल्यांदा काय करतो? रॅम काढतो, पेन्सिलीचे खोडरबर घेतो आणि तळच्या सोनेरी पट्ट्या हलक्या हाताने घासतो. खोडरबरावर काळसर रेघा उमटतात, स्टिक परत बसते आणि मशीन सुरू होते. त्या काळ्या रेघा म्हणजे सांध्यावर चढलेला थर. समुद्रकाठी मीठ असते, ते ओल धरून ठेवते; राखेची आणि कोळशाची धूळ त्यावर बसते. खाचेत बसलेली ही पुटे साध्या वेगाला पुष्कळ काळ निभावतात, पण अतिवेगाला सर्वांत आधी अडवतात. गंधकाचे काम याहून आतले. स्टिकवर चिपांच्या भोवती बाजरीच्या दाण्याहून लहान रेझिस्टर असतात आणि त्यांच्या टोकांत चांदी असते. गंधकयुक्त वायू तिथवर पोचले, की चांदीचे काळे सल्फाइड होते, रोध वाढत जातो आणि एके दिवशी जोड तुटतो. घरातली चांदीची निरांजने जशी काळी पडतात, तीच ही क्रिया. म्हणूनच कारखान्यांसाठी मेमरी बनवणाऱ्या कंपन्या गंधकाला दाद न देणारे रेझिस्टर वापरलेल्या स्टिक वेगळ्या विकतात, आणि त्यांच्या जाहिरातीत वेगाचा आकडा मागे असतो. घरच्या डेस्कटॉपसाठी तेवढा खर्च करा, असे मी म्हणणार नाही. कॅबिनेटच्या हवा ओढणाऱ्या पंख्यांना धूळ अडवणारी जाळी, वर्षातून दोनदा सफाई आणि वेगात हात राखून निवड, एवढे पुरे. हीच गोष्ट २,९२० मेगावॉटच्या वीजकेंद्राशेजारी आणि सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांत राहणाऱ्या चंद्रपूरकरांची आहे. कोकण किनाऱ्यावर एवढी राख नसेल, पण चार महिने भिंतींना बुरशी येते तिथे सोनेरी पट्ट्यांचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

वेगाच्या मागे लागण्यातला धोका केवळ मेमरीपुरता राहत नाही, हे २०२३ मध्ये दिसले. त्या वर्षी एप्रिलमध्ये रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर बोर्डासकट जळाल्याची प्रकरणे पुढे आली. तपासाअंती बोट गेले ते एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाला देत असलेल्या जादा व्होल्टेजकडे. एएमडीने बायोसच्या नव्या आवृत्तीत त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. हा दोष आता दुरुस्त झालेला आहे आणि त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी: एएमडी आपल्या वॉरंटीच्या अटींत आजही सांगते, की प्रोसेसर किंवा मेमरी अधिकृत मर्यादेबाहेर चालवली तर वॉरंटी रद्द होते, मग ती एएमडीनेच दिलेल्या सोयीने चालवली असली तरी. जो वेग विकत घेताना ठळक छापलेला असतो, तो वापरताना जबाबदारी आपली असते. ज्या घरात मशीन वर्षाच्या बचतीतून येते, तिथे ही अट फार मोठी आहे.

मग वेगाला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि दोन ठिकाणी मी तो मान्य करतो. वेगळे ग्राफिक कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिकवर भागवायचे असेल, उदाहरणार्थ रायझन ५६००जी किंवा ८६००जी, तर तिथे ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते. ते मुख्य मेमरीच्याच लोंढ्यावर जगते. अशा मशीनवर वेग वाढला की गेम खरोखरच सुधारतो. पण तिथेही पहिली उडी एका स्टिकवरून दोनवर गेल्याने मिळते आणि वेगाची पायरी त्यानंतर येते. दुसरे ठिकाण एएमडीच्या नव्या बोर्डांचे. एएमडी स्वतः ६००० ला ‘स्वीट स्पॉट’ म्हणते, कारण साधारण तिथवर मेमरीचा आणि तिला सांभाळणाऱ्या भागाचा ठोका एकास एक राहतो. ६४०० च्या आसपास बहुतेक प्रोसेसरची ही जुळणी सुटते, सांभाळणारा भाग निम्म्या ठोक्यावर जातो आणि वाढलेल्या वेगाचा बराचसा लाभ तिथेच गळतो. म्हणून ६००० सीएल३० आणि ५६०० यांच्या किमतीत किरकोळ फरक असेल, तर ६००० जरूर घ्यावी: हवेशीर कॅबिनेट असेल तर ती चालवता येते आणि उन्हाळ्यात कुरकुर करू लागली तर बायोसमध्ये ५६०० वर उतरवता येते. त्याच्या वर जाण्यासाठी पैसे मोजायला मला घरच्या वापरात सबळ कारण दिसत नाही. ७८००एक्स३डी सारखा ९६ एमबी कॅशचा प्रोसेसर घेणाऱ्यांना तर आणखीच कमी, कारण तो मेमरीच्या दारात मुळात कमी वेळा जातो.

‘आमच्या ओळखीत ७२०० वर वर्षभर मशीन चालतेय, काही झाले नाही’ हा शेवटचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. मेमरीची चूक दरवेळी निळा पडदा दाखवून येत नाही. कधी ती फोटोच्या फाइलमध्ये एक बिट उलटवते, कधी झिप उघडत नाही, कधी विंडोजचे अपडेट अकारण फसते आणि दोष व्हायरसवर किंवा एसएसडीवर ढकलला जातो. डीडीआर५ च्या चिपमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय असते, असे याला उत्तर दिले जाते. ती सोय चिपच्या पोटातल्या भांड्यांपुरती आहे. चिपमधून निघालेली माहिती बोर्डावरून प्रोसेसरपर्यंत जाताना जे बिघडते, त्यावर तिचा इलाज नाही, आणि वेगामुळे होणारे बिघाड मुख्यतः याच वाटेवर घडतात. ज्याच्या डेस्कटॉपवर फक्त गेम आहेत, त्याने हा धोका पत्करला तर समजू शकते. ज्याच्यावर मच्छीमार सोसायटीचे हिशोब, बहिणीचा प्रबंध आणि घरातल्या लग्नाचे एकुलते एक फोटो आहेत, त्याने पत्करू नये.

या सगळ्याला आत्ता धार आली आहे ती किमतींमुळे. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या किमती काही महिन्यांत दुपटीच्या वर गेल्या. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांसाठी लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे त्यांनी आपली उत्पादनक्षमता वळवली. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने तर ‘क्रूशिअल’ या नावाने सामान्य ग्राहकाला मेमरी विकण्याचा व्यवसायच बंद करत असल्याचे जाहीर केले. साध्या, न चमकणाऱ्या, मूळ वेगावर ठामपणे चालणाऱ्या स्टिकसाठी हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत होते. अशा वेळी वेगाच्या आकड्यावर जास्तीचा रुपया घालणे म्हणजे क्षमतेतून तो कापणे होय. ३२ जीबी आवाक्याबाहेर असेल, तर १६ जीबीची ८-८ ची जोडी घ्यावी. डीडीआर४ चा जुना पण सुस्थितीतला बोर्ड मिळत असेल, तर त्यावर ३२०० ची साधी जोडी चालवण्यात काहीही कमीपणा नाही.

दुकानदारांकडून आणि सरकारकडूनही काही मागायला हवे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० पासून काम करते आहे. मेमरीच्या पाकिटावर ओव्हरक्लॉकचा वेग जेवढ्या अक्षरात छापतात, तेवढ्याच अक्षरात मूळ वेग आणि दोन्हींचे व्होल्टेज छापावे, असा साधा नियम त्याने करावा. बिलावर ‘६००० मेगाहर्ट्झ रॅम’ एवढे लिहून भागवू नये. मूळ वेग, स्टिक किती आणि मशीन कोणत्या वेगावर ठेवून दिले, हे तीन आकडे लिहावेत. जुळवलेले मशीन हाती देण्याआधी मेमटेस्ट८६ ची किमान एक पूर्ण फेरी करून द्यावी. आणि घेणाऱ्याने ती घरी पुन्हा करावी. डीडीआर५ च्या स्टिकमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि त्याचा आकडा मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅमने वाचता येतो. जानेवारीत घेतलेल्या मशीनची चाचणी एकदा मेमध्ये, दुपारी तीन वाजता, कॅबिनेटचे झाकण लावून, एसी नसलेल्या त्याच खोलीत करावी. एक जरी चूक दिसली, तर बायोसमध्ये जाऊन वेग एक पायरी खाली आणावा आणि चाचणी पुन्हा लावावी.